डेलमार न्हाव्याची हडसन हॉर्नेट

डेलमार होस्टेटलर किती हट्टी आहे हे सगळ्या लोगान्सपोर्टला ठाऊक होतं, कारण गावातल्या निम्म्या पुरुषांची डोकी त्याच्या हाताखालून गेली होती. मार्केट स्ट्रीटवर त्याचं केस कापायचं दुकान. खुर्चीत बसून तुम्ही म्हणालात, "वरून जरा लांब ठेव," तर तो "हं" म्हणायचा आणि त्याच्या मनाला येईल तेवढेच ठेवायचा. माझा नवरा होता तेव्हा दर वेळी तणतणत घरी यायचा, आणि महिनाभराने पुन्हा तिथंच जाऊन बसायचा.

मग डेलमारचे डोळे बिघडले. डोळ्याच्या पडद्याचा मधलाच भाग निकामी होत जातो, असला तो आजार. कडेकडेचं दिसतं आणि जिथं बघावं तिथं धुकं. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. "न्हाव्याला कान दिसले की पुष्कळ झालं," असं तो स्वतःच म्हणायचा आणि गिऱ्हाइकं हसायची. पण एका शनिवारी आमच्या मेथडिस्ट चर्चच्या पास्टरसाहेबांचा कान कात्रीत सापडला. थोडासाच, पण रक्त आलं. पास्टर बिचारे "काही नाही, काही नाही" म्हणत राहिले. डेलमारने त्यांचे उरलेले केस नीट कापले, मान झाडली, त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि आतून कडी लावली. ती गिऱ्हाइकांसाठी पुन्हा उघडली नाही.

त्याचा दुसरा धंदा, म्हणजे खरं तर पहिला, जुन्या अमेरिकन गाड्यांच्या प्रतिकृती बनवण्याचा. खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढी प्लॅस्टिकची गाडी सुटी सुटी डब्यात येते, ती घासून, रंगवून, चिकटवून उभी करायची. आमचा क्लब आहे त्याचा. चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये आम्ही जमतो. मी थेल्मा, क्लबातली एकुलती एक बाई. मी फक्त पिकअप ट्रक बनवते आणि त्यावरून बापे लोकांचे टोमणे खाते. व्याजासकट परतही करते.

दुकान बंद झाल्यावर सगळ्यांनी मनाशी धरलं की डेलमारच्या गाड्याही बंद. क्लबचा अध्यक्ष गस पावलाक, डेलमारचा शाळेपासूनचा मित्र, विमा विकणारा, आडवातिडवा आणि मनाने लोणी. तो एक दिवस खायला केक घेऊन डेलमारकडे गेला आणि आडून आडून म्हणाला, "डेल, तुझे ते न उघडलेले डबे... कुणाला द्यायचे काही ठरवलंयस का?"

"मी मेल्यावर विचार," डेलमार म्हणाला. "तेव्हा मी नाही म्हणणार नाही."

आणि त्याच संध्याकाळी त्याने कपाटातून हडसन हॉर्नेटचा डबा काढला. त्रेपन्न सालची गाडी, बुटकी, गोलसर, रस्त्याला पोट लावून चालल्यासारखी. त्याला एकच गोष्ट हवी होती. वसंतातल्या आमच्या स्पर्धेत, नेहमीच्या गटात, नेहमीच्या नियमांनी, स्वतःच्या हाताने केलेली गाडी टेबलावर ठेवायची आणि परीक्षकाने ती इतरांच्या गाड्यांकडे बघतो तशीच बघायची. सवलत नको, वेगळं टेबल नको. हे त्याने क्लबच्या सभेत उभं राहून सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिथंच मला कळलं की कुणाला काही समजलेलं नाही.

तो उतरायचा तो 'डब्यातलीच गाडी' या गटात. डब्यात जे निघेल तेवढंच वापरायचं, बाहेरचा एक खिळाही चालत नाही, फक्त रंग आणि चंदेरी कागद आपला. दुसरा नियम सगळ्याच गटांना आहे: काम स्वतःच्या हातचं. आणि तिसरा तर आमच्यात लहान पोरांनाही माहीत असतो, टेबलावरच्या गाडीला बनवणाऱ्याखेरीज कुणी बोट लावायचं नाही. परीक्षकसुद्धा नाही. तो दातांच्या डॉक्टरकडचा छोटा आरसा आणि बॅटरी घेऊन वाकून वाकून बघतो.

डेलमारचं काम मी पाहिलंय. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायचा, मान कोंबडीसारखी वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचा, आणि मग बघणं सोडून द्यायचा. नखाने प्लॅस्टिकची शिवण शोधायची, घासायची, परत नख फिरवायचं. खिडक्यांच्या कडांना चंदेरी कागद चढवणं हे आमच्यातल्या डोळसांनाही घाम फोडणारं काम. तो कागद दातकोरणीने दाबायचा, कडेचा उंचवटा बोटाला लागला की त्याच्या अंगाने पातं ओढायचा. त्याची बायको आर्लीन शेजारी बसून सूचनांचा कागद वाचून दाखवायची. "अठ्ठावीस नंबर एकोणतिसाला चिकटव. डेल, तो एकतीस आहे. एकतीस आहे म्हणते ना! बहिराही झालास का आता?" रंगांच्या डब्यांना ओळखीसाठी रबरबँड लावलेले. एक रबर म्हणजे किरमिजी, दोन म्हणजे काळा, तीन म्हणजे अस्तराचा राखाडी.

शेवटी शेवटी काचेवरचा एक वायपर चिमट्यातून उडाला आणि गालिच्यात गेला. आमच्या धंद्यात गालिचा काय काय खातो हे सांगायला नको. दोघं नवरा-बायको गुडघ्यांवर रांगली, मीही रांगले, आर्लीनने व्हॅक्युम क्लीनरच्या नळीच्या तोंडाला मोजा बांधून तो फिरवला. नाहीच सापडला. दुसऱ्या डब्यातला लावता येत नाही, गटाचा नियम. "एकाच वायपरची जाईल," डेलमार म्हणाला. "गुण कापू देत. पाऊस पडला तर अर्धंच दिसेल, मला तेवढंही दिसत नाही."

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी गाड्या आणून टेबलांवर मांडल्या. डेलमारची हडसन किरमिजी, बरी होती. बरी म्हणजे बरीच. पुढची जाळी एका बाजूला किंचित उतरलेली, काचेपाशी डिंकाचा एक थेंब आणि तो एकटा वायपर. आम्ही घरी गेलो. हॉलची किल्ली गसकडे होती.

सकाळी डेलमार आर्लीनच्या हाताला धरून आला, टेबल शोधलं आणि स्वतःच्या गाडीवरून एक बोट फिरवलं, गाडी सरळ उभी आहे ना ते बघायला. बोट काचेवर थांबलं. परत फिरलं.

"आर्लीन, वायपर किती आहेत?"

आर्लीनने वाकून बघितलं आणि माझ्याकडे मान वळवली.

"थेल्मा?"

"दोन," मी म्हणाले. मला खोटं बोलता येत नाही, आणि त्याच्याशी तर बोलायचंच नव्हतं.

मग त्याने जाळी चाचपली. जाळी सरळ होती. डिंकाचा थेंब नव्हता. त्याचा चेहरा माझ्या आठवणीत आहे. रागाच्या आधी जे येतं ते त्याच्यावर होतं, घरी आपण नसताना कुणी कपाटं उचकल्यावर येतं तसं.

गस अंग चोरत पुढं आला. "डेल, अरे, थोडंसंच केलं. माझ्याकडे सुट्या भागांच्या पेटीत अगदी तस्साच वायपर होता. तू इतकी मेहनत केलीस... लोकांनी चुकाच बघाव्यात हे मला बरं वाटेना."

"लोकांनी काय बघायचं हे तू कोण ठरवणार?"

"मी तुझ्यासाठीच केलं रे!"

"माझ्यासाठी करायचं होतं तर किल्ली खिशात ठेवून गप झोपायचं होतंस."

एवढ्यात गसच्या बायकोने, काय चाललंय हे न कळल्यामुळे, एक लाकडी पाटी आणून टेबलावर ठेवली. त्यावर पितळेत कोरलेलं, 'विशेष प्रेरणा पुरस्कार' आणि खाली डेलमारचं नाव. आदल्या आठवड्यातच करून आणलेली. आर्लीनने कपाळावर हात मारला. डेलमारने अक्षरांवरून बोट फिरवलं आणि ते काय आहे हे त्याचं त्यालाच कळलं.

"प्रेरणा?" तो म्हणाला. "मी न्हावी आहे."

परीक्षक व्हर्नन टटल फोर्ट वेनहून आलेला होता. लांब, वाळका, हसण्यावर कर बसल्यासारखा माणूस. डेलमार खुर्च्यांना अडखळत त्याच्यापर्यंत गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझी गाडी काढून टाका. तिच्यावर दुसऱ्याचा हात पडलाय आणि दुसऱ्या डब्यातला भाग आहे." टटल "ठीक" म्हणाला आणि यादीत एक रेघ मारली. एक शब्द सहानुभूतीचा नाही. मला त्याचा संताप आला. डेलमारला आला नाही हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

त्या दिवसापासून डेलमार गसशी बोलला नाही. चर्चमध्ये दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसायचे आणि मधे आर्लीन दोघांच्या वतीने भजनं म्हणायची. तिने मला सांगितलं, "मी म्हटलं, जाऊ दे, माणूस प्रेमाने चुकला. तर म्हणतो, प्रेमाने चुकला म्हणूनच त्याला माफ करणं अवघड जातंय, हरामखोर असता तर विसरलो असतो."

आणि त्याने दुसरा हडसनचा डबा मागवला. तीच गाडी, पहिल्यापासून.

क्लबात त्यावरही चर्चा झाली. आर्लीन सूचना वाचून दाखवते ही मदत धरायची का? लॉइड नावाचा एक निवृत्त वकील आहे आमच्यात, त्याला नियम दिसला की जीभ खाजते. तो पाऊण तास बोलला. शेवटी मी उठले. "नियमात हात म्हटलंय, डोळे नाही म्हटलेले. आणि तुला सूचना कोण वाचून दाखवतं लॉइड? तुझा चष्मा. तो काय तू स्वतः घडवलास?" विषय तिथंच मिटला.

शरद ऋतूत आर्लीन टेरे होटला बहिणीकडे गेली होती तेव्हाची गोष्ट. मी डेलमारकडे पर्सिमॉन फळांचं पुडिंग घेऊन गेले. तो गॅरेजमध्ये होता, खूश. गाडीची बॉडी रंगवून तारेच्या हँगरवर टांगली होती. रंगाचा फवारा सारखा पडावा म्हणून आम्ही डबा आधी कोमट पाण्यात ठेवतो, तसे त्यानेही फळीवरचे डबे सगळे एकदम बादलीत ठेवले होते. फक्त पाणी कोमटाहून जरा जास्त गरम असावं, कारण रबरबँड सैल होऊन सुटले होते आणि बादलीच्या तळाशी पडलेले मला दिसत होते. तो म्हणाला, "बघ, कसा बसलाय रंग. हाताला काचेसारखा लागतोय. म्हणजे लागेल, वाळल्यावर."

मी दोन क्षण पुडिंग धरून उभी राहिले. मला वाटलं, आर्लीन येईपर्यंत गप बसावं. मग गसचा वायपर आठवला.

"डेलमार, गाडी हिरवी आहे."

"किती हिरवी?"

"तुमच्या अंगणातल्या खुर्च्यांएवढी."

खुर्च्यांसाठी आर्लीनने आणलेला डबाही त्याच फळीवर होता. मग तो हसायला लागला, असा की त्याला हातोड्यांच्या फळीला धरावं लागलं. "त्रेपन्न सालची हडसन, अंगणातल्या खुर्चीच्या रंगात! टटलला झटकाच आला असता." हसून झाल्यावर तो म्हणाला, "ओव्हन साफ करायचा फवारा सिंकखाली आहे, त्याने रंग सुटतो. आण बाई." मी त्या रात्रीचं जेवण तिथंच केलं. तो हातमोजे घालून दात घासायच्या ब्रशने हिरवा रंग सोलत बसला, दारांच्या फटीतून, जाळीच्या खाचांतून, आणि मधे मधे म्हणायचा, "सांग, अजून कुठं राहिलाय?" मी सांगायचे. त्याने मला एकदाही ब्रश दिला नाही आणि मीही मागितला नाही.

त्या हिवाळ्यात त्याने ती बॉडी आणखी दोनदा सोलली. एकदा धूळ बसली म्हणून, एकदा त्याला नुसतं आवडलं नाही म्हणून. रबरबँड फेकून दिले आणि झाकणांवर पॉलिश पेपरचे तुकडे चिकटवले, खरखरीत, मध्यम, मऊ. आर्लीन वैतागून म्हणायची, "माझ्यापेक्षा त्या हडसनला जास्त वेळा आंघोळ घालतोस." तो म्हणायचा, "तू कुठं स्पर्धेत उतरतेयस?" डोळे त्या काळात आणखी उतरले. कडेचंही पुसट व्हायला लागलं होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, मला आर्लीनने सांगितलं, आणि सांगताना ती रडली. पुढच्या वर्षी बनवता येईल का हे दोघांनाही माहीत नव्हतं.

वसंत आला. आदल्या संध्याकाळी गाड्या मांडून झाल्यावर गसने सगळ्यांसमोर हॉलची किल्ली पास्टरसाहेबांच्या हातात दिली. डेलमारच्या टेबलाच्या आसपासही तो फिरकला नाही. दुसऱ्या दिवशी दिवसभर तो बायकांच्या बाजूला उभा राहून तळलेल्या डुकराच्या मांसाची सँडविचेस वाटत होता, त्या मांसाचे तुकडे पावाच्या चहूबाजूंनी लोंबत होते आणि त्याचा चेहराही.

टटल पुन्हा फोर्ट वेनहून आला होता. हडसनपाशी आला. आरसा, बॅटरी. चाकं टेबलाला टेकलीत का बघायला हे लोक चाकाखालून कागदाची पट्टी सरकवतात, टेकलेलं चाक तिला अडवतं. डेलमार चार पावलांवर उभा होता आणि कान देऊन ऐकत होता. पट्टी एकदा अडली, दुसऱ्यांदा अडली, तिसऱ्यांदा अडली. चौथ्यांदा सुळकन गेली. डेलमारने ओठ मिटून घेतले.

बक्षीस मिळालं नाही. पहिलं, दुसरं, तिसरं दुसऱ्यांनाच गेलं, आणि तिसरं लॉइडला गेलं हे तर मी अजून गिळलेलं नाही. कुणी विशेष पाटी आणली नाही. गर्दी पांगायला लागली.

आमच्याकडे रीत अशी की कुणी विचारलं तर परीक्षक चुका सांगतो. बहुतेक जण विचारत नाहीत, आणि जे विचारतात ते भांडायलाच विचारतात. डेलमारने आर्लीनला टटलपाशी न्यायला सांगितलं.

"माझी हडसन. काय चुकलं?"

टटलने कागद काढला. या माणसाला गोड बोलणं कुणी शिकवलंच नव्हतं. "डावं मागचं चाक टेकत नाही. उजव्या मागच्या खिडकीच्या खांबावर चंदेरी कागद कागदावर चढलाय. छतावरचा रंग संत्र्याच्या सालीसारखा. डॅशबोर्ड एक नंबर. पण डिकीच्या झाकणावर, रंगात, बोटाचा ठसा आहे."

"एवढं बारीक कोण बघतं!" आर्लीन उसळली. "तुम्हाला माहीत आहे का, यांना..."

"आर्लीन," डेलमार म्हणाला. मग टटलकडे तोंड करून, "ठसा? कुणाचा?"

टटलने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "गाडीला दुसऱ्या कुणी हात लावला होता का?"

"नाही. या वेळी कुणीच नाही."

"मग तुमचाच."

डेलमार तिथंच उभा राहिला. बोटाच्या टोकावरून तो अंगठा फिरवत होता. मला रडू आलं आणि मी ते पुसलंही नाही. टटल बिचारा घाबरला, त्याला वाटलं आता भांडण. म्हणाला, "वाद घालायचा असेल तर लेखी तक्रार करा."

"वाद नाही," डेलमार म्हणाला. मग त्याने मान वर केली आणि सँडविचच्या वासाच्या दिशेने, सबंध हॉल दणाणेल असा, वर्षभरातला पहिला शब्द टाकला. "गस!"

गस हातातला चिमटा तसाच घेऊन धावत आला.

"इथं उभा राहा," डेलमार त्याला म्हणाला. "साहेब, पुन्हा सांगा. चाकापासून."